वहीच्या पहिल्या पानावर १९३० हा नंबर लिहा : सांगली जिल्ह्यातल्या बचत गटांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्षा, सचिव आणि सर्व सभासद भगिनी,
महिला बचत गट, सांगली जिल्हा

सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मिरज, तासगाव, पलूस अशा बदल्या होत गेल्या. त्या काळात तुमच्यासारख्या कितीतरी गटांची खाती माझ्या हातून उघडली गेली. ठरावाची प्रत, अध्यक्षा-सचिवांच्या सह्या, पासपोर्ट फोटो, आणि सही करण्याआधी ‘बाई, हितंच करायची न्हवं?’ असं दोनदा विचारून घेणारी एखादी काकी. तुमची मासिक बैठकीची वहीसुद्धा मी पाहिली आहे. कुणी किती बचत भरली, कुणाचा हप्ता थकला, गैरहजेरीचा दंड कुणाला बसला, सगळं त्यात असतं. घरात नवऱ्याला न सांगितलेली अडचण तुम्ही त्या सतरंजीवर बसून एकमेकींना सांगता. म्हणून हे पत्र पोलिसांना किंवा कलेक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी ऑनलाइन खरेदीच्या पायी माझे ४८,६०० रुपये गेले. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे ते गेल्यावर दोन दिवस मी कुणाला काही बोलले नाही.

झालं ते सविस्तर सांगते, कारण अशा गोष्टी अर्ध्या सांगून उपयोग नसतो. चकलीची भाजणी चाळत बसले होते. मोबाइल बाजूला, त्यावर एक जाहिरात आली. मोराच्या पदराची पैठणी, साडेचार हजारांची ८९९ ला. खाली ‘शेवटच्या ३ शिल्लक’ अशी पट्टी आणि एक उलटं चालणारं घड्याळ, चौदा मिनिटं, तेरा मिनिटं. सुनेला पाडव्याला द्यायला होईल असं मनात आलं. पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायचे होते, तेव्हा फसायला जागा कुठे, असा मी हिशेब केला. आठव्या दिवशी पार्सल आलं. देणारा मुलगा घाईत होता, गाडी चालूच होती. मी ८९९ रुपये मोजून दिले. आत येऊन पिशवी कात्रीने कापली तर साडी हाताला कागदासारखी लागली. मोर विणलेला नव्हता, छापलेला होता. काठावरची जरीची नक्षी नखाने खरवडली तर सोनेरी भुकटी बोटाला आली.

इथवर नुकसान ८९९ रुपयांचं होतं. एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पिशवीवर विकणाऱ्याचा नंबर नव्हता. कुरियरचं नाव होतं. मी इंटरनेटवर त्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ लिहून शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर दिसला तो लावला. मुलगा हिंदीत अगदी अदबीने बोलत होता. ‘मॅडम, आपका पूरा पैसा वापस होगा.’ त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली, रिफंडचा फॉर्म म्हणून. ती उघडल्यावर मोबाइलने परवानग्या विचारल्या, मी ‘होय, होय’ करत गेले. त्यातली एक परवानगी माझे मेसेज वाचण्याची होती. मग फॉर्म आला. नाव, ऑर्डरची तारीख, आणि पैसे कार्डावर जमा करायचे म्हणून डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. मी भरले. त्यानंतर बारा मिनिटांत दोन व्यवहार झाले, २४,००० आणि २४,६००.

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे वाक्य काउंटरवरून मी किती ग्राहकांना सांगितलं असेल. आणि मी तो कुणाला सांगितलाही नाही. मी उघडलेली ती फाइल म्हणजे एक ॲपच होतं, त्याने तो परस्पर वाचला आणि पुढे पाठवला. ही एक गोष्ट मला माहीत नव्हती. तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत नसेल म्हणून ठासून लिहिते: व्हॉट्सॲपवर आलेली, शेवटी एपीके असं लिहिलेली कोणतीही फाइल उघडू नका. ती कधी लग्नपत्रिका म्हणून येते, कधी वाहनाचं चलन म्हणून, कधी बँकेच्या केवायसीचं नाव घेऊन. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका, कारण आधी त्या ओळखीच्या माणसाचाच मोबाइल त्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. ॲप घ्यायचं ते प्ले स्टोअरवरूनच.

आता त्या दोन दिवसांबद्दल. मेसेज आले तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा झाले होते. माझे हातपाय गार पडले. बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, तेवढं सुचलं. पण पुढे काय? ह्यांना सांगायचं तर ते म्हणणार, बँकेत जन्म गेला आणि तुला कळलं नाही? जुन्या सहकाऱ्यांना सांगायचं तर गावभर होणार. मी रात्री भाकरी केली, वाढली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी चकल्या तळल्या. तिसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. आवाजावरून त्याने ओळखलं. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘आई, १९३० ला फोन केलास का?’

तिसऱ्या दिवशी केला. तोवर माझे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन बरेचसे एटीएममधून काढलेले होते. तिसऱ्या खात्यात ३,१०० रुपये उरले होते, तेवढे अडवता आले. त्या दिवशी सव्वासहालाच फोन केला असता तर किती वाचले असते, हे मला कुणी खात्रीने सांगू शकणार नाही. पण पैसे एटीएममधून निघाले त्या पहिल्या संध्याकाळीच, आणि त्या वेळी मी स्वयंपाकघरात गप्प उभी होते.

१९३० म्हणजे सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. चोवीस तास चालू असते. २०२१ पासून तिच्यामागे बँका आणि पोलीस यांना जोडणारी एक यंत्रणा काम करते. तुम्ही फोन केला की पलीकडचा माणूस खातं कोणत्या बँकेतलं, किती रुपये, किती वाजता गेले, व्यवहाराचा क्रमांक काय, एवढं विचारतो. तो क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये किंवा ॲपच्या हिस्ट्रीत असतो, म्हणून ते मेसेज रागारागाने डिलीट करू नका. माहिती भरली की सूचना पैसे जिथे गेले त्या बँकेला जाते. पैसे अजून तिथेच असतील तर ते गोठवले जातात. पुढे गेले असतील तर सूचना त्यांच्या मागोमाग पुढच्या बँकेला. म्हणजे ही सरळ सरळ शर्यत आहे. चोर पैसे पळवत असतो आणि तुमची तक्रार त्यांच्या मागे धावत असते. ती किती उशिरा सुटली यावर सगळं ठरतं. फोननंतर मोबाइलवर पोच क्रमांक येतो. तो घेऊन चोवीस तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर पूर्ण तक्रार भरायची असते. भरता येत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोरीला बसवा. पोलीस ठाण्यात गेलात आणि ‘ही आमची हद्द नाही’ असं ऐकू आलं तर शांतपणे ‘झिरो एफआयआर’ म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे.

बँकेचा नियमही उशिराला धरूनच आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये परिपत्रक काढलं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सहकारी बँकांनाही तसंच लागू केलं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, मधल्याच कुणी केली असेल आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य धरायचं. चार ते सात कामाचे दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत नुकसान ग्राहकाच्या माथी. आणि माझ्यासारखी, आपल्या हाताने कार्डाचे आकडे दिलेली बाई असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तिचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. चूक तुमची असली तरी ज्या मिनिटाला तुम्ही बँकेला कळवलं त्या मिनिटापासून पुढची जबाबदारी तुमच्यावरून उतरते. म्हणून नुसतं कार्ड बंद करून थांबायचं नाही, तक्रार क्रमांक मागून तो लिहून ठेवायचा. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरची गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये, हे लहानपणापासून आपल्या अंगात मुरलंय. चोराला आपल्या याच सवयीचा सगळ्यात जास्त फायदा होतो. त्याला माहीत असतं की ही बाई आज बोलणार नाही. उद्या बोलेल, परवा बोलेल, किंवा कधीच नाही.

आता दुसरी बाजू सांगते, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली. तासगावच्या बाजूचा एक गट आहे. बेदाणे, चटण्या, शेवया करतात आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घेतात. बेदाण्यांच्या सीझनमध्ये मी त्यांच्याकडे गेले होते. शेडमध्ये आठ-नऊ जणी अर्धा अर्धा किलोची पाकिटं भरत बसल्या होत्या, एक जण सील मारत होती. तेवढ्यात सचिव ताईंना फोन आला. बोलणारा म्हणाला, मी लष्करात अधिकारी आहे, कॅम्पसाठी चाळीस किलो बेदाणे हवेत, पैसे आधीच पाठवतो. भाव केला नाही, नमुना मागितला नाही. मग त्याने व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे आमच्या खात्यातून पैसे तुमच्याकडे येतील, लष्कराची पद्धत अशीच असते.

ताई हुशार आहेत, गटाचा हिशेब त्याच ठेवतात. तरी त्यांचा अंगठा ॲपवर गेला होता. चाळीस किलोची ऑर्डर म्हणजे लहान गोष्ट नव्हती. पण त्यांनी एक केलं. फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवला. म्हणाल्या, बघा गं, काय म्हणतायत साहेब. तेव्हा सील मारणाऱ्या आक्का, सत्तरीच्या, अंगठ्यापुरतं शिकलेल्या, हातातली पिशवी खाली न ठेवता बोलल्या, ‘पैसं तू देनार का आमी? मग पिन आमचा कशापायी?’

पलीकडून फोन कट झाला.

आक्कांच्या त्या प्रश्नात यूपीआयचा सगळा नियम आहे. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही. क्यूआर कोड स्कॅन करायचा तोही द्यायला. समोरचा लष्करातला असो, कंपनीतला असो, जुनं कपाट विकत घ्यायला निघालेला गिऱ्हाईक असो, ‘पैसे येण्यासाठी पिन टाका’ म्हटलं की फोन ठेवायचा. आणि लक्षात घ्या, ताई एकट्या असत्या तर कदाचित पिन टाकला गेला असता. त्या सगळ्यांसमोर बोलल्या म्हणून वाचल्या. मी बोलले नाही म्हणून बुडाले. दोघींच्या अकलेत काही फरक नव्हता.

गेल्या दोनेक वर्षांत आपल्या जिल्ह्यात एक मोठा बदल झाला आहे. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यावर यायला लागले. पूर्वी पासबुक ट्रंकेत असायचं, आता मोबाइलवर पैसे आल्याचा मेसेज येतो आणि त्याच मोबाइलवर साडीची, कुकरची, नातवाच्या बुटांची जाहिरातही येते. आटपाडीला बसून पुण्याच्या दुकानातली वस्तू मागवता येते. जतला ज्या मापाचा चष्मा मिळत नाही तो घरी येतो. मी या खरेदीच्या विरोधात नाही, आजही मागवते. मला एवढंच हवं आहे की आपण बाजारात जशा वागतो तशाच इथेही वागावं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी भाव बोलतं का? गणपती पेठेत डाळ तळहातावर घेऊन फुंकर मारल्याशिवाय आपण पिशवी उघडत नाही. मोबाइलवर वस्तू हातात येत नाही, तेव्हा बघायचं ते विकणाऱ्याकडे.

तो कोण आहे, त्याचा पूर्ण पत्ता कुठे आहे, परतीची अट काय, तक्रार कुणाकडे करायची. ही माहिती दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केलं आहे. नुसता व्हॉट्सॲप नंबर आणि खाली ‘नो रिटर्न’ असेल तर पुढे जाऊ नका. जाहिरात मोठ्या ॲपवर दिसली म्हणजे त्यांनी विकणाऱ्याची खात्री करून घेतली आहे, असं नसतं. पैसे भरणाऱ्यालाच ती जागा मिळते. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चित्र दिसलं म्हणजे दुकान खरं, असंही नाही. कुलूप एवढंच सांगतं की तुम्ही टाइप केलेलं मधे कुणी वाचू शकणार नाही. पलीकडे बसलेलाच लबाड असेल तर कुलपाचा काय उपयोग? पत्ता अक्षर अक्षर वाचा. प्रसिद्ध दुकानाच्या नावात एक अक्षर जास्त, किंवा पुढे ‘सेल’, ‘ऑफर’ जोडलेलं, अशी खोटी दुकानं सणाच्या तोंडावर उगवतात. मेसेजमधल्या लिंकवरून दुकानात शिरू नका, ॲप स्वतः उघडून शोधा. कस्टमर केअरचा नंबरही त्या ॲपच्या आत किंवा बिलावर असतो तोच लावा. इंटरनेटवर शोधलेला नंबर लावू नका. मी तिथेच बुडाले.

ते उलटं चालणारं घड्याळ आणि ‘शेवटच्या ३ शिल्लक’ची पट्टी आठवते? दुसऱ्या दिवशी मी तीच जाहिरात उघडली, पुन्हा चौदा मिनिटं, पुन्हा तीन शिल्लक. अशी खोटी घाई दाखवण्याला सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत चक्क नाव घेऊन बंदी केली आहे. एकंदर तेरा प्रकारच्या लबाड्या त्यात मोजल्या आहेत. तुम्ही न घेतलेली वस्तू किंवा देणगी बिलात गुपचूप घुसवणं हीसुद्धा त्यातलीच एक. तेव्हा पैसे भरण्याआधी बिल वरपासून खालपर्यंत वाचा, किराणा दुकानात वाचता तसं.

पैसे कुठून द्यायचे याबद्दल माझं स्वतःचं एक मत आहे, आणि ते मी आता पाळते. आपण डाळीच्या डब्यात पैसे ठेवतो ना, तसा मोबाइलचाही एक डबा करा. एक वेगळं बचत खातं, त्यात दोन-तीन हजारच ठेवायचे, आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडायचं. ऊसबिल, पेन्शन, पोरीच्या लग्नाची ठेव ज्या खात्यात आहे ते मोबाइलला दिसताच कामा नये. डब्याला हात लागला तरी कोठार शाबूत राहतं. डेबिट कार्डाचा ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमधून बंद करता येतो आणि मर्यादाही घालता येते, ही सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून द्यायला लावली आहे. लागेल तेव्हा चालू करा, काम झालं की बंद. माझं कार्ड तसं बंद असतं तर फॉर्म भरूनही पैसे गेले नसते. बँकेत जा आणि काउंटरवरच्या मुलीला सांगा, मला करून दाखव. तिचं ते काम आहे, मी केलेलं आहे.

घरी पैसे देऊन घ्यायच्या पार्सलचं एक सांगायचं राहिलं. आपण रानात गेलेलो असतो, दारात पार्सल येतं, सासरे किंवा नवरा ‘हिनंच मागवलं असेल’ म्हणून सातशे-आठशे रुपये देऊन टाकतात. उघडल्यावर कळतं, कुणीच काही मागवलेलं नव्हतं. पूर्वी पोस्टातून व्हीपी, म्हणजे पैसे भरून घ्यायचं पार्सल, सोडवताना असंच व्हायचं, रेडिओच्या खोक्यातून वीट निघाल्याचे किस्से आम्ही लहानपणी ऐकले आहेत. घरात एकच नियम करा: ज्याने मागवलं त्याला फोन लावल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. महागाची वस्तू असेल तर पार्सल फोडताना शेजारणीला मोबाइलवर शूटिंग करायला लावा, पत्त्याची चिठ्ठी आधी आणि मग कात्री, मधे न थांबता. वस्तू बदललेली निघाली तर तोच तुमचा पुरावा. आणि ती चिठ्ठी कचऱ्यात तशीच टाकू नका, तिच्यावर तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळं छापलेलं असतं. फाडून चुलीत घाला.

वस्तू खराब निघाली आणि खात्यातले पैसे चोरीला गेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे दरवाजेही वेगळे आहेत. चोरी झाली तर १९३०. वस्तू फाटकी, खोटी, चित्रात दाखवली तशी नाही, किंवा परत घ्यायला टाळाटाळ, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतूनही बोलता येतं. त्याआधी त्या दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. नियमाप्रमाणे त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. तरीही ऐकलं नाही तर आपल्या सांगलीतच जिल्हा ग्राहक आयोग आहे. जुन्या कायद्यात विकणारा जिथला तिथे, किंवा जिथे व्यवहार झाला तिथे जावं लागायचं. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते. दिल्लीच्या कंपनीला सांगलीत यावं लागतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, स्वतः उभं राहून बोलता येतं. माझ्या ८९९ रुपयांसाठी मी हे केलं नाही याचं मला आज वाईट वाटतं. रक्कम लहान म्हणून आपण सोडून देतो आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने तीच साडी दाखवतो.

आता तुमच्याकडे मागणं.

दर महिन्याच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, की दहा मिनिटं या विषयाला द्या. भाषण नको. फक्त विचारा, या महिन्यात कुणाला काय फोन आला, काय मेसेज आला. मोबाइल मधे ठेवून सगळ्यांनी तो मेसेज बघा. एकीला आलेला सापळा पुढच्या आठवड्यात दुसरीला येणारच असतो. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर, नियमांच्याही वर, १९३० आणि १९१५ मोठ्या अक्षरात लिहा. ग्रामसंघाच्या बैठकीत, बँक सखी येते तेव्हा, हा विषय काढा. ज्या गटांत विक्री चालते तिथे पेमेंटचा फोन स्पीकरवरच घ्यायचा, असं ठरवून टाका.

आणि फसलेल्या बाईला ‘एवढं कसं कळलं नाही?’ असं कुणी विचारायचं नाही. या एका वाक्याच्या भीतीने मी दोन दिवस गप्प राहिले. ह्यांनी नंतर काही रागावून बोललं नाही, चहा करून दिला आणि म्हणाले, मला आधी का नाही सांगितलंस? हे पत्र तुमच्या घरातल्या पुरुषांच्याही हाती पडावं. बायको, आई, बहीण घाबरत घाबरत सांगायला आली, तर आधी फोन लावून द्या. बाकी बोलायचं असेल ते नंतर बोला.

मिरज, तासगाव, पलूस तालुक्यांत कुठल्याही गटाने बोलावलं तर मी येईन. भाड्याचे पैसे नकोत. मला तो फॉर्म, त्या परवानग्या, ती साडी दाखवायची आहे. ती मी फेकलेली नाही. काठावर नख फिरवून बघा, सोनेरी भुकटी अजून निघते.

ठरावाला भाषा लागते आणि सचिवांवर आधीच कामाचा भार आहे, म्हणून मसुदा मीच सोबत पाठवते. हवा तसा बदला.

आपली,
बँकेतून निवृत्त झालेली एक बहीण
विश्रामबाग, सांगली

सोबत : ठरावाचा मसुदा

ठराव क्रमांक ____ , दिनांक ____

आजच्या मासिक बैठकीत सर्वानुमते ठरले की, ऑनलाइन खरेदी किंवा विक्रीत कोणाही सभासदाचे पैसे गेल्यास तिने त्याच तासात १९३० वर आणि आपल्या बँकेला कळवावे, आणि गटातल्या किमान एका बाईला सांगावे. सांगितल्यावर तिच्या घरी दोघींनी जावे, तक्रार भरून होईपर्यंत सोबत बसावे. तिच्या चुकीची चर्चा बैठकीत किंवा बैठकीबाहेर कोणीही करणार नाही.

सूचक : ____
अनुमोदक : ____